ही शाळाच आहे: सिअ‍ॅटल परिसरातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

बॉथेल, कर्कलंड, रेडमंड, समामिश, इसाक्वा, लिनवुड या पट्ट्यात राहणाऱ्या, शाळकरी मुलं असलेल्या मराठी आईबाबांसाठी हे पत्र लिहिते आहे. विषय आहे इथल्या स्कूल डिस्ट्रिक्ट्सचे, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांचे, पेरेंट पार्टनरशिप प्रोग्रॅम. यात मूल आठवड्यातले काही तास शाळेच्या इमारतीत शिकतं, उरलेलं घरी आईवडिलांकडून शिकतं, आणि दोन्हीकडच्या अभ्यासावर डिस्ट्रिक्टच्या प्रमाणपत्रधारक शिक्षकांची देखरेख असते. शिक्षणाची फी नसते. सिअ‍ॅटलमध्ये कॅस्केड आहे, बॉथेलकडे नॉर्थशोर फॅमिली पार्टनरशिप, कर्कलंडला इमर्सन, एडमंड्सला एडमंड्स हाइट्स. माझी मुलगी गेली काही वर्षं अशाच एका प्रोग्रॅममध्ये शिकते आहे.

आपल्या मंडळींत याबद्दल दोन तऱ्हेचं बोलणं कानावर येतं. एक दबक्या आवाजात: ‘तिच्या मुलीला शाळेतून काढलं म्हणे. काय झालं असेल गं?’ दुसरं उत्साहात: ‘तिथे घातलं की दोन इयत्ता पुढचं गणित घेता येतं, आणि उरलेल्या वेळात स्पर्धांचे क्लास.’ पहिल्यात कीव आहे, दुसऱ्यात हिशोब. दोन्हींतून एकच गोष्ट निसटते, की ही शाळा आहे. सरकारी शाळा. तिला पट आहे, शिक्षक आहेत, अभ्यासाचा आराखडा आहे, दर महिन्याला प्रगतीची तपासणी आहे, आणि तिचा खर्च तुमच्या-माझ्या करातून चालतो. तिला शाळेचा मान द्या आणि शाळा म्हणूनच वापरा, एवढं मला सांगायचं आहे. त्यासाठी थोडा तपशील लागेल, तो कंटाळा न करता वाचा.

आधी कायद्याचं, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

वॉशिंग्टन राज्यात मुलांना घरी शिकवण्याचा कायदा १९८५ साली झाला. त्याखाली जे चालतं त्याला होम-बेस्ड इन्स्ट्रक्शन म्हणतात. इथे सक्तीचं शिक्षण आठव्या वर्षापासून सुरू होतं; तेव्हापासून पालकांनी दरवर्षी १५ सप्टेंबरपर्यंत डिस्ट्रिक्टला ‘डिक्लरेशन ऑफ इंटेंट’ द्यायचं असतं. शिकवणाऱ्या पालकाची पात्रता ठरलेली आहे. कॉलेजची ४५ क्वार्टर क्रेडिट्स हवीत, म्हणजे साधारण एका वर्षाचं शिक्षण. नाहीतर घरी शिकवण्याबद्दलचा खास कोर्स केलेला हवा. नाहीतर आठवड्याला सरासरी तासभर प्रमाणपत्रधारक शिक्षकाची देखरेख हवी. नाहीतर डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची, सुपरिंटेंडंटची मान्यता. विषय अकरा. वाचन, लेखन, गणित, विज्ञान, इतिहास हे आलेच, पण आरोग्य आहे, व्यवसायशिक्षण आहे, कला आणि संगीताची गोडी लावणंही कायद्यात लिहिलेलं आहे. वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी किंवा शिक्षकाकडून मूल्यमापन करून घ्यायचं. निकाल डिस्ट्रिक्टला धाडायचा नसतो, आपल्यापाशी जपून ठेवायचा असतो. पुस्तकं कोणती, दिवस कसा आखायचा, हे सगळं पालकांच्या हातात.

पार्टनरशिप प्रोग्रॅमचं तसं नाही. तो राज्याच्या ‘अल्टरनेटिव्ह लर्निंग एक्स्पिरियन्स’ नियमांखाली चालतो. ऑफिसात सगळे त्याला एएलई म्हणतात. इथे पूर्णवेळ प्रवेश घेतला, की कायद्याच्या नजरेत तुमचं मूल घरी शिकणारं उरत नाही, ते सरकारी शाळेच्या पटावरचं मूल होतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी हा फरक समजल्याच्या कागदावर पालकांची सही घेतात. ती सही वाचून करा. बरेच जण फोनवर बोट फिरवून मोकळे होतात आणि मग वसंतात तक्रार करतात की ‘आम्ही होमस्कूलिंग करतो, आमच्या मुलाला राज्याची परीक्षा कशाला?’ पटावरच्या मुलांना तिसरी ते आठवी आणि दहावीला इंग्रजी-गणिताची स्मार्टर बॅलन्स्ड परीक्षा असते. आपली मुलं पटावर आहेत.

या फरकाची चांगली बाजूही आहे. एएलईमध्ये पालकाला पात्रतेची अट नाही, कारण शिक्षणाची जबाबदारी शाळेच्या शिक्षकावर असते. मुलाचा आयईपी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला वैयक्तिक आराखडा, असेल तर तो पटाबरोबर चालू राहतो. आणि मुलाची कागदपत्रं डिस्ट्रिक्टच्या दप्तरात राहतात. याचं महत्त्व पुढे सांगते.

आणखी एक वाट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. तुम्ही पूर्णपणे होम-बेस्ड राहून, डिक्लरेशन देऊन, जवळच्या नेहमीच्या सरकारी शाळेत एखाददुसऱ्या विषयापुरता अर्धवेळ प्रवेश घेऊ शकता. नुसता बँड, नुसतं केमिस्ट्री. स्पीच थेरपीसारख्या सेवाही मागू शकता. ही मेहेरबानी नाही, राज्याच्या कायद्यात ती तरतूद आहे. शाळेच्या खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसेल तर डिस्ट्रिक्ट ऑफिसात विचारा. नमतं घेऊन परत फिरू नका.

आता आराखड्याकडे येते. दर मुलाचा एक ‘रिटन स्टुडंट लर्निंग प्लॅन’ असतो. कोणता विषय, कोणती पुस्तकं, वर्षअखेर काय यायला हवं, आठवड्याला अंदाजे किती तास, आणि ते आलं की नाही हे कसं तपासणार, हे सगळं त्यात शिक्षक लिहितात, आपल्याशी बोलून. पूर्णवेळ विद्यार्थ्याचे आठवड्याला २७ तास ४५ मिनिटं धरतात. दर आठवड्याला मुलाशी शिक्षकाचा संपर्क झालाच पाहिजे. दर महिन्याला प्रगतीची तपासणी. प्रगती पुरेशी नसेल तर काय बदलायचं याचा वेगळा आराखडा करावा लागतो. हे सगळं कागदावर लागतं, कारण राज्याकडून पैसा पटावर मिळतो आणि राज्याचे ऑडिटर हे कागद उघडून बघतात. कागद अपुरे निघाले तर डिस्ट्रिक्टला पैसे परत करावे लागतात. तेव्हा शिक्षिका तिसऱ्यांदा आठवण करून देते तेव्हा ती आपल्या मागे लागलेली नसते, ती प्रोग्रॅम वाचवत असते.

ही मासिक तपासणी म्हणजे नेमकं काय, ते एकदा जवळून दाखवते. मागच्या हिवाळ्यात माझे वडील साताऱ्याहून आले होते. मुलीचे अपूर्णांक चालू होते आणि तिचं घोडं तीन चतुर्थांशावर अडलं होतं. वडिलांनी पुस्तक बाजूला सारलं आणि तिला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला लावली, त्यांना लहानपणी गुरुजींनी शिकवली होती तशी. रोज सकाळी चहाच्या वेळी दोघांचं चालायचं. मुलीने ती वहीत लिहून काढली, मराठीत, खाली आकडे. तपासणीच्या दिवशी शिक्षिकेने वही उघडली. तिला अक्षर एक कळेना. तिने मुलीला विचारलं, हे तिसऱ्या ओळीत काय आहे? मुलगी म्हणाली, तीन पाऊण म्हणजे सव्वादोन. कशावरून? मुलीने पेन्सिल घेतली, तीन भाकऱ्या काढल्या, प्रत्येकीचा एक चतकोर खोडला, खोडलेले तीन चतकोर शेजारी मांडले आणि म्हणाली, तीनातून हे गेले, एक चतकोर आणखी गेला असता तर बरोबर दोन उरल्या असत्या, म्हणून दोन आणि वर एक चतकोर. शिक्षिका गप्प राहून बघत होती. मग तिने पाच पाऊण विचारलं, जे वहीत अजून लिहिलेलं नव्हतं. मुलीने छताकडे बघत तोंडातल्या तोंडात पुटपुटत पावणेचार सांगितलं. प्लॅनमध्ये त्या उद्दिष्टापुढे ‘साध्य’ अशी नोंद झाली, पुरावा म्हणून वहीच्या पानाचा फोटो जोडला गेला, आणि पुढच्या महिन्यासाठी अपूर्णांकांचा भागाकार आला. हे सगळं झालं पंधरा-वीस मिनिटांत, एका लहानशा खोलीत, जिथे शेजारच्या वर्गातल्या युकुलेलीचा आवाज येत होता.

आजोबांना मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बाईंनी पाच पाऊण विचारलं? मग बाई चांगल्या आहेत.’ चाळीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाचं ते प्रशस्तिपत्र होतं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे आपल्या घरात शिकवण्याचं भांडवल पुष्कळ असतं. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आजी-आजोबा दुपारभर टीव्हीसमोर बसून असतात आणि मुलं बंद खोलीत स्क्रीनसमोर. या प्रोग्रॅममध्ये आजोबांची पाऊणकी, आजीचं भरतकाम, मावशीने व्हिडिओ कॉलवर शिकवलेलं ज्वारीचं पीक, यांना अभ्यासात खरीखुरी जागा मिळू शकते. मात्र शिक्षकाला त्यातून शिकण्याचा पुरावा दिसला पाहिजे.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगते, कारण यावरून गैरसमज होतात. सरकारी शाळा असल्यामुळे प्लॅनमधला अभ्यासक्रम धर्मनिरपेक्ष असावा लागतो. मनाचे श्लोक, रामरक्षा घरी जरूर म्हणा, आम्हीही म्हणतो, पण ते प्लॅनच्या तासांत धरता येत नाहीत. इथल्या होमस्कूलिंगच्या जगात बायबलवर आधारलेले अभ्यासक्रम फार मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. ज्या नियमाने ते प्लॅनबाहेर राहतात त्याच नियमाने आपले श्लोकही राहतात. मला हे न्याय्य वाटतं. रविवारची मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची, आमची वेगळी चालू आहे आणि चालू राहील.

पैशाबद्दल. ‘अमुक एकीला डिस्ट्रिक्टने वर्षाला इतके डॉलर दिले’ ही कथा अजून फिरते. वॉशिंग्टनमध्ये २०११ पासून पालकांना रोख भत्ता देणं आणि त्यांनी केलेल्या खरेदीचे पैसे परत करणं कायद्याने बंद आहे. पुस्तकं, सूक्ष्मदर्शक, गणिताचे ठोकळे हे शाळा आणून देते, ते डिस्ट्रिक्टच्या मालकीचं असतं, काम झालं की परत करायचं. इतर सरकारी शाळांतल्या मुलांना ज्या तोडीच्या सेवा मिळतात त्याच तोडीच्या इथे मिळतात. घोडेस्वारीचे खासगी धडे सरकारी खर्चाने होणार नाहीत. अलास्कात कुटुंबांना दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते आणि ती खासगी शाळांच्या वर्गांवर खर्च करता येते का यावरून २०२४ मध्ये प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपल्याकडचे नियम कडक आहेत म्हणून मी कधी कुरकुरले नाही. ज्यांच्या घरी कोणी दिवसा थांबू शकत नाही अशांची मुलं नेहमीच्या शाळेत आहेत, त्यांच्या वाट्याच्या पैशातून माझ्या मुलीला काही जादा मिळावं असं मला कधी वाटणार नाही.

आता त्या दुसऱ्या बोलण्याकडे, हिशोबाच्या. मला माहीत आहे, हा भाग काहींना बोचेल. पुढचं गणित घेण्याची खरी गरज असलेली मुलं असतात आणि त्यांच्यासाठी हा प्रोग्रॅम उत्तम आहे. प्लॅन मुलागणिक असल्याने चौथीतलं मूल सहावीचं गणित आणि चौथीचंच लेखन करू शकतं. पण काही घरांत काय चालतं हेही मी पाहते. दिवसाचे चार तास स्पर्धापरीक्षांचे खासगी क्लास, आणि प्लॅनमधलं वाचन, समाजशास्त्र, आरोग्य हे सगळं महिनाअखेरीला आईने बसून भरलेलं. मूल गोष्टीचं पुस्तक उघडत नाही आणि नोंदीत मात्र तास दिसतात. हे खोटं आहे. त्याखाली सही शिक्षकाची असते, पैसा सगळ्यांचा असतो, आणि एका कुटुंबामुळे शंका येते ती पुढच्या प्रत्येक भारतीय नावाच्या कुटुंबावर. क्लास हवा असेल तर होम-बेस्डचं डिक्लरेशन द्या आणि मोकळेपणाने आपल्या पैशाने क्लास लावा. तो तुमचा पूर्ण हक्क आहे. पटावर नाव ठेवून मुलाला पटावरचं न शिकवणं हा हक्क कोणाचाच नाही.

आणि पहिलं बोलणं, कीव. ती मला जास्त दुखवते, कारण तिच्यामुळे लोक वेळेवर विचारत नाहीत. माझ्या मुलीला तिसरीत रोज सकाळी पोटात दुखायचं. शाळा चांगली होती, बाई मायाळू होत्या. गर्दी आणि गोंगाट तिला सोसत नव्हता, एवढंच. डॉक्टरांनी पोट निर्दोष असल्याचं सांगितलं. त्या काळात मला पार्टनरशिप प्रोग्रॅमबद्दल सांगितलं ते ग्रंथालयात भेटलेल्या एका अनोळखी बाईने. आपल्या ओळखीत ज्यांना माहीत होतं, ज्यांची मुलं तिथे जात होती, त्यांनी ते लपवून ठेवलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून. दम्याने वारंवार घरी राहणारं मूल, दादागिरीला कंटाळलेलं मूल, वर्गाच्या फार पुढे किंवा मागे असलेलं मूल, नुकतंच भारतातून येऊन इंग्रजीत बुजलेलं मूल, यांच्या आईबाबांना हा पर्याय वेळेवर कळायला हवा. तो आपणच सांगायचा आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढोकळ्याच्या ऑर्डरी जातात, ही माहितीही जाऊ दे.

‘पण मग मिसळणार कशी?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. शाळेच्या दिवसांत मिसळते. रोबॉटिक्सच्या टेबलावर नऊ वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी एकाच मोटारीवरून भांडतात, जेवणाच्या सुट्टीत मोठी मुलं छोट्यांना झाडावर चढायला शिकवतात. वयाप्रमाणे कप्पे नसल्याने मुलीला तिच्याहून मोठ्या आणि लहान मैत्रिणी मिळाल्या. पण गल्लीतल्या मुलांशी बसमधली मैत्री तुटली, हेही खरं. शेजारच्या दोन वाढदिवसांना तिचं नाव राहून गेलं. ते ठरवून झालं नसेल, पण तिला लागलं. ही किंमत आहे आणि ती मूल भरतं, म्हणून निर्णय घेताना त्याला विचारा. आमच्याकडे बस नाही, नेणं-आणणं पालकांचं, हेही लक्षात घ्या.

कोणी या वाटेला जाऊ नये, तेही लिहिते. घरात दोन्ही पालक पूर्णवेळ नोकरीला आणि दिवसा दुसरं मोठं माणूस नाही, तर नको. अभ्यासाला बसलं की आई आणि मूल दोघंही रडतात अशी अवस्था असेल, तर आधी ते सुधारा. घरी शिकवल्याने ते आपोआप सुधारत नाही. शाळेवर राग आहे म्हणून, शिक्षिकेशी वाजलं म्हणून, तडकाफडकी तर मुळीच नको.

आणि ‘घरी आईवडील शिकवतात’ असं आपण म्हणतो तेव्हा शिकवत असते बहुधा आई. आपल्यातल्या किती जणी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१ या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर आल्या, इंजिनीअर, सीए, शिक्षिका असूनही वर्षानुवर्षं नोकरी करू शकल्या नाहीत. २०१५ पासून काहींना वर्क परमिट मिळायला लागलं. आता हातात आलेली नोकरी सोडायची की मुलाला घरी शिकवायचं हा पेच तिच्यासमोर उभा राहतो आणि घरातले सगळे गृहीत धरतात की ती सोडेल. बाबांनो, हे तुमच्यासाठी. शाळेतले दहा तास वजा केले तर आठवड्याला सतराअठरा तास घरच्या शिकवण्याचे उरतात, आणि तयारीचा वेळ धरला तर जास्तच. त्यातला विज्ञानाचा भाग तुम्ही संध्याकाळी आणि शनिवारी घेऊ शकता. प्लॅनमधले तास सोमवार ते शुक्रवार नऊ ते तीनच झाले पाहिजेत असा नियम नाही. मासिक तपासणीला वर्षातून काही वेळा तरी तुम्ही जा. आमच्याकडे भूगोल आणि लाकूडकाम नवऱ्याकडे आहे आणि ते त्याच्या नावावर प्लॅनमध्ये लिहिलेलं आहे.

एडिसनच्या वहिनीचा किंवा डॅलसच्या मित्राचा सल्ला इथे चालत नाही. न्यू जर्सीत घरी शिकवायला डिस्ट्रिक्टला कळवण्याचीही सक्ती नाही, आणि अर्धवेळ वर्ग देणं तिथल्या डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर आहे. टेक्सासमध्ये घरची शाळा खासगी शाळा म्हणून गणली जाते. आयोवात डिस्ट्रिक्टच ‘होम स्कूल असिस्टन्स प्रोग्रॅम’ चालवून शिक्षक देऊ शकतात. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. विचारायचं ते आपल्या डिस्ट्रिक्टला.

ज्यांच्या मनात कधीतरी भारतात परत जायचं आहे त्यांच्यासाठी दप्तराचा मुद्दा. पुण्या-नाशिकच्या शाळेत प्रवेशाला गेलात की पहिल्यांदा मागतात तो शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तक. पार्टनरशिप प्रोग्रॅमचं मूल सरकारी शाळेच्या पटावर असल्याने डिस्ट्रिक्टच्या लेटरहेडवर नोंदी मिळतात. होम-बेस्ड मुलाच्या बाबतीत सगळे कागद तुम्हालाच तयार ठेवावे लागतात: डिक्लरेशनच्या प्रती, दरवर्षीच्या चाचणीचे निकाल, पुस्तकांच्या याद्या. दोन्ही वाटा चालतील, पण निघायच्या आठवड्यात ही धावपळ नको.

हायस्कूलबद्दल थोडक्यात. अकरावी-बारावीतल्या मुलांना रनिंग स्टार्टखाली कम्युनिटी कॉलेजात ट्यूशन फी न भरता शिकता येतं; १९९० च्या कायद्याने ही सोय झाली आणि ती घरी शिकणाऱ्या मुलांनाही खुली आहे. पुस्तकं आणि इतर शुल्क आपलं. बॉथेलच्या बाजूला कॅस्केडिया, इकडे बेलव्ह्यू कॉलेज. राज्यात भाषेचं प्राविण्य सिद्ध करून हायस्कूलची क्रेडिट्स मिळवायचीही सोय आहे; मराठीची चाचणी कशी द्यायची ते डिस्ट्रिक्टच्या वर्ल्ड लँग्वेजच्या माणसाला विचारा. जितके जास्त पालक विचारतील तितकं बरं.

शेवटची आणि माझ्या लेखी सगळ्यात निकडीची गोष्ट. अनेक डिस्ट्रिक्ट्सची पटसंख्या घसरते आहे आणि दर वसंतात बजेटमध्ये काटछाट होते. सिअ‍ॅटलने २०२४ मध्ये कितीतरी प्राथमिक शाळा बंद करायचा प्रस्ताव आणला होता, पालकांनी आवाज उठवल्यावर तो मागे घेतला. पार्टनरशिप प्रोग्रॅम लहान असतात, बहुतेक जुन्या इमारतीत असतात, आणि त्यांच्याबद्दल बोलायला स्कूल बोर्डासमोर फारसं कोणी येत नाही. आपण तर जवळजवळ नाहीच. तिथे पब्लिक कमेंटला नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलायला नागरिकत्व लागत नाही. एच-१वर असा, एच-४वर असा, ग्रीनकार्डच्या रांगेत असा, तुमचं मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकतं एवढं पुरेसं आहे. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. लिहून आणलेलं वाचलं तरी चालतं.

ज्यांना मत आहे त्यांनी लेव्हीच्या, म्हणजे शाळांसाठीच्या स्थानिक कराच्या, मतदानाचं पाकीट रद्दीत टाकू नये. वॉशिंग्टनमध्ये शाळांच्या लेव्हीला साधं बहुमत लागतं, बाँडला, म्हणजे इमारतींसाठी काढायच्या कर्जाला, ६० टक्के. फेब्रुवारीच्या मतदानात फार थोडी पाकिटं परत येतात, त्यामुळे आपल्या गल्लीतली दहा घरंही मोजली जातात.

प्रवेशाचा विचार करत असाल तर फोन करताना हे विचारा: आम्ही दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतो, तर चॉइस ट्रान्सफर, म्हणजे आपल्या डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत जायची परवानगी, कधीपर्यंत मागायची? शाळेतले वर्ग आठवड्याला किती तास, कोणत्या वयाला? वर्षाच्या मध्येच नेहमीच्या शाळेत परतायचं झालं तर काय करावं लागेल? आणि सल्लागार शिक्षकाकडे किती मुलं आहेत? या शेवटच्या उत्तरावरून तुमच्या मुलाकडे लक्ष द्यायला किती वेळ उरेल ते कळेल.

बहुतेक प्रोग्रॅम वसंतात माहितीची सभा घेतात. तिथे मूल बरोबर न्या. वर्गात डोकावू द्या. आणि शेजारच्या खुर्चीवर दुसरं मराठी कुटुंब दिसलं तर नजर चुकवू नका, ओळख करून घ्या. कोणत्या बाई विज्ञान छान शिकवतात, कोणत्या महिन्यात कागदपत्रांची गडबड असते, गाडी आळीपाळीने कशी न्यायची, हे सगळं त्यांच्याकडूनच कळतं.

आपली,
पटावरच्या एका मुलीची आई
किंग काउंटी, वॉशिंग्टन